आमच्या भाड्यातले सहाशे डॉलर

न्यूयॉर्कमध्ये कुणी नवीन घर घेतलं की आपली मंडळी आधी विचारतात स्टेशन किती लांब, मग भाडं किती, आणि मग आवाज जरा खाली आणून, "स्टॅबिलाइज्ड आहे का?" शहरातली सुमारे दहा लाख भाड्याची घरं रेंट स्टॅबिलायझेशनच्या कायद्याखाली येतात. ढोबळमानाने इमारत १९७४ च्या आधीची हवी आणि तिच्यात निदान सहा घरं हवीत. अशा घराचं भाडं मालकाच्या मर्जीवर नसतं. रेंट गाइडलाइन्स बोर्ड नावाचं नऊ जणांचं मंडळ दर जूनमध्ये मतदान घेऊन वाढीचे टक्के ठरवतं, आणि मुदत संपली की मालकाला करार पुन्हा करून द्यावाच लागतो. २०१८ मध्ये क्वीन्स भागातल्या एल्महर्स्टमधलं आमचं घर या यादीत आहे असं कळलं तेव्हा आम्ही फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

भाडं होतं २,११५ डॉलर १२ सेंट. हे बारा सेंट माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होते. मी एका दवाखान्यात बिलिंगचं काम करते, त्यामुळे आकडे बघायची खोड आहे. मनाने ठरवलेलं भाडं २,१०० असतं, फार तर २,१५०. बारा सेंट म्हणजे कुणीतरी बसून गुणाकार-भागाकार केलेला. तो हिशोब मला कुणी दाखवला नव्हता. करारासोबत एक पुरवणी कागद येतो, त्यात आधीच्या भाडेकरूचं भाडं आणि त्यावर काय काय चढवलं ते लिहायचं असतं. आमच्या कागदावर "सुधारणा" या रकान्यासमोर नुसता एक आकडा होता, ६००. कशाच्या सुधारणा, किती खर्च, काही नाही. त्या कागदावर एक चौकोनही असतो, त्यात खूण केली की बिलं मागता येतात, किंवा करार झाल्यापासून साठ दिवसांत वेगळी मागता येतात. नवीन घर घेणाऱ्यांनी तो चौकोन आवर्जून शोधावा. पण ते साठ दिवस गेले म्हणून सगळं संपत नाही, हे पुढे येईलच.

२०२० चा कोविडचा वसंत एल्महर्स्टमध्ये कसा गेला ते इथल्या लोकांना सांगायला नको. दिवसभर सगळे घरात. मुलीची शाळा स्वयंपाकघराच्या टेबलावर, नवऱ्याचं ऑफिस बेडरूममध्ये, आणि माझ्या मीटिंगा कुठे जागा मिळेल तिथे. घर इतक्या जवळून आधी कधी बघितलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात बाथटबच्या तळाची पांढरी पापडी सुटायला लागली. नखाने उचलली तर तळहाताएवढा तुकडा हातात आला. खाली जुनं, पिवळट पडलेलं इनॅमल, आणि मोरीच्या भोकाभोवती गंजाचं कडं. सुपरला बोलावलं. सुपर म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, तळघराच्या घरात राहतो, भाडेकरू आणि मालक दोघांच्याही शिव्या खातो. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, काळजी करू नका, स्प्रेवाल्याला परत बोलावतो.

परत?

म्हणजे हा टब नवा नव्हताच. जुन्यावर लेप मारलेला. मग मी सिंकखालचं कपाट उघडून टॉर्च मारला. बाहेरून पांढरी शुभ्र दारं, पण बिजागरीच्या खोबणीत, जिथे ब्रश पोचत नाही तिथे, पिस्ता रंग दिसत होता आणि त्याच्या खाली चॉकलेटी.

घराची कुंडली मागवायची सोय इथे आहे. स्टॅबिलाइज्ड घराचा मालक दरवर्षी १ एप्रिलला लागू असलेलं भाडं राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे डीएचसीआरकडे, नोंदवतो. १९८४ पासूनच्या या नोंदी आहेत. घरात राहणाऱ्या भाडेकरूने मागितलं की त्या नोंदींचा उतारा, 'रेंट हिस्टरी', फुकट मिळतो आणि तो टपालाने त्याच घराच्या पत्त्यावर येतो. या विभागाचं ऑफिस क्वीन्समध्येच जमैकाला आहे, गर्ट्झ प्लाझा नावाच्या इमारतीत, पण एवढ्यासाठी जायची गरज नसते.

उतारा आला. आधीच्या बाई चौदा वर्षं राहिल्या होत्या. त्यांचं भाडं हळूहळू वर सरकत २०१७ ला १,१८० डॉलरवर आलेलं. २०१८ च्या ओळीत 'रिकामं'. २०१९ च्या ओळीत आम्ही, २,११५.१२.

जेवणाच्या टेबलावर मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर मी हिशोब मांडला. तेव्हाच्या कायद्यात घर रिकामं झालं की दोन वर्षांच्या नव्या करारावर मालकाला २० टक्के वाढ आपोआप मिळायची. आधीचा भाडेकरू आठ किंवा जास्त वर्षं राहिला असेल तर प्रत्येक वर्षामागे आणखी ०.६ टक्के. चौदा वर्षांचे ८.४. एकूण २८.४ टक्के. १,१८० वर ते होतात ३३५ डॉलर १२ सेंट. बेरीज १,५१५.१२. बारा सेंट इथून आले तर! आणि उरले बरोबर सहाशे.

हे सहाशे म्हणजे आयएआय, इंडिव्हिज्युअल अपार्टमेंट इम्प्रूव्हमेंट. घर रिकामं असताना मालकाने आत काही सुधारणा केली तर तिच्या खर्चाचा ठरावीक हिस्सा दर महिन्याच्या भाड्यात कायमचा मिळवता यायचा. इमारतीत ३५ किंवा कमी घरं असतील तर चाळिसावा हिस्सा, जास्त असतील तर साठावा. आमच्या इमारतीत ४८ घरं. सहाशेला साठने गुणा: मालकाने छत्तीस हजार डॉलर खर्च दाखवला होता. पाच वर्षांत तो पूर्ण वसूल होतो, त्यानंतरही सहाशे भाड्यातच राहतात, आणि दर नूतनीकरणाला टक्के चढतात ते या सहाशेवरही. रिकाम्या घराच्या बाबतीत यासाठी आधी कुणाची परवानगी लागत नव्हती, बिलं कुठे जमा करावी लागत नव्हती. मालकाने आकडा नोंदवला की झालं. कुणी तक्रार केली तरच बिलं बाहेर निघायची.

त्या काळात यामागे आणखी एक आमिष होतं. घराचं कायदेशीर भाडं एका रेघेपर्यंत पोचलं आणि घर रिकामं झालं की ते नियंत्रणातूनच बाहेर पडायचं. २०१८ मध्ये ती रेघ २,७३३ डॉलर ७५ सेंटची होती. आपोआप मिळणारे वीस टक्के आणि वर सढळ हाताने दाखवलेली सुधारणा, दोन-तीन भाडेकरू बदलले की घर मोकळं. जून २०१९ मध्ये राज्याने कायदा बदलला आणि हा रस्ता बंद केला. आम्ही त्याच्या आठ-नऊ महिने आधी राहायला आलेलो. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

गिरगावच्या मावशीला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिला आधी एवढंच कळलं की मालकाने आपण होऊन स्वयंपाकघर नवं केलं. "अगं, मग देव माणूस आहे तो! आमच्या जिन्याची फळी तीन वर्षं झाली हलतेय." मावशीची खोली पागडीची. भाडेपावतीवरचा आकडा वाचून इथल्या माझ्या मैत्रिणींना वाटतं मी दिवसाचं भाडं सांगतेय. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. सुधारणेसाठी वेगळी वाढ तिथेही आहे, पण त्या कामाला ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते आणि वर्षाची वाढ खर्चाच्या १५ टक्क्यांच्या वर जात नाही. गिरगावात कोण कशाला त्या भानगडीत पडेल? मूळ भाडं इतकं किरकोळ की मालकाला एकच सुधारणा दिसते, इमारत पाडून टॉवर. न्यूयॉर्कमध्ये उलट, न मागता सुधारणा. मी मावशीला म्हटलं, "तुझा मालक काहीच करत नाही, आमचा केलं नाही तेही केलं म्हणून सांगतो." ती म्हणाली, "मग भांड ना. पण हिशोब लिहून ठेव."

भांडायचं तर पुरावा हवा. समोरच्या दारातल्या कोलंबियन आजी इथे तीसएक वर्षं राहतात. आधीच्या बाईंच्या त्या जिवलग. त्यांना विचारलं, घर रिकामं झालं तेव्हा काम किती दिवस चाललं? त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाल्या, आठवडाभर, फार तर थोडं जास्त, आणि कचऱ्याचा मोठा डबा काही दारात आला नव्हता. मग फोन काढून त्यांनी नातीच्या वाढदिवसाचे फोटो दाखवले. वाढदिवस त्यांच्या घरी, पण केक कापायच्या आधीची सगळी तयारी आमच्या, म्हणजे तेव्हाच्या त्या बाईंच्या, स्वयंपाकघरात झालेली. मागे भिंतीवर कपाटं. पिस्ता रंगाची. तिसऱ्या दाराचा खालचा कोपरा तुटलेला, आणि तोच कोपरा तसाच तुटलेला, आता पांढऱ्या रंगाखाली, मी रोज बघत होते. मी त्यांच्याकडून तो फोटो घेतला आणि त्यांच्या हातचा एक करंजीसारखा एम्पनाडाही, कारण नको म्हणायची सोय नव्हती.

जॅक्सन हाइट्समध्ये आपल्याकडच्या लोकांसाठी घराच्या प्रश्नांवर काम करणारी छाया नावाची संस्था आहे, शहरभर भाडेकरूंचे सल्ला देणारे फोन नंबरही आहेत. मला जो सल्ला मिळाला त्याचं सार असं: स्वयंपाकघर चांगलं की वाईट यावर वाद घालू नका. ओटा बारा हजारांचा वाटत नाही, हे तुमचं मत झालं. वाद कागदाचा करा. मालकाने जो खर्च भाड्यात चढवला तो सिद्ध करायची जबाबदारी मालकाची असते. वटलेले चेक, 'पैसे पावले' असं लिहिलेलं बिल, सहीचा कामाचा करार, कंत्राटदाराचं प्रतिज्ञापत्र, यांपैकी काहीतरी त्याला द्यावं लागतं. आणि कंत्राटदार मालकाच्याच घरातला निघाला किंवा बिलाबद्दल शंका आली तर नुसतं बिल पुरत नाही.

अर्जाचा नंबर आरए-८९, जादा भाड्याची तक्रार. तो २०२१ च्या वसंतात भरला. त्यात विचारतात ते सोपं आहे: केव्हापासून राहता, करार कुठले, दर महिन्याला किती भरलं, तक्रार कशाबद्दल. सोबत करारांच्या प्रती, पुरवणी कागद, आम्ही दिलेल्या भाड्याच्या चेकच्या बँकेतून काढलेल्या प्रती, टबचे आणि कपाटाचे फोटो, आजींचं सहीचं निवेदन. या तक्रारीला मुदतीचं एक गणित असतं. २०१९ च्या कायद्याने मागे सहा वर्षांपर्यंत बघता येईल असं केलं, त्याआधी चार होती. पण एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्याच्या आधी घेतलेल्या जादा भाड्याला नवे नियम मागे जाऊन लावता येणार नाहीत. आमची वाढ २०१८ ची, चार धरा की सहा, आतच बसत होती. ज्यांच्या घरातली मोठी उडी जुनी आहे त्यांचं काम फार अवघड, तिथे घोटाळा केल्याचंच दाखवावं लागतं.

भाडं मात्र आम्ही पूर्ण भरत राहिलो. नवऱ्याचं म्हणणं होतं की सहाशे कापूनच द्यावेत. मी म्हटलं, थकबाकीदार होऊन कोर्टात उभं राहायचं नाही, आपण मागणारे राहू, देणेकरी नको.

मालकाचं उत्तर आलं ते जाडजूड पाकिटात. मालक म्हणजे आमच्यासाठी एका कंपनीचं नाव आणि भाडं पाठवायचा पत्ता, माणूस आम्ही कधी बघितलाच नव्हता. पाकिटात एका कंत्राटदाराचं एकच पान बिल. स्वयंपाकघर १४,५००. बाथरूम १२,०००. जमीन ४,५००. प्लॅस्टर आणि रंग ५,०००. एकूण ३६,०००. सगळे गोल आकडे. दवाखान्याच्या बिलात एवढे गोल आकडे आले असते तर मी ते त्याच क्षणी परत पाठवलं असतं. मोजमाप नाही, सामानाचं नाव नाही, फरशीचे चौरस फूट नाहीत. स्वयंपाकघराच्या खाली लिहिलेलं, "नवीन कपाटं". बाथरूमच्या खाली, "नवीन टब". आणि बिलाच्या डोक्यावरचा कंत्राटदाराचा पत्ता मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. भाड्याच्या पाकिटावर मी दर महिन्याला तोच लिहीत होते.

उत्तराला उत्तर द्यायची संधी मिळते. मी चार ओळींच्या वर काही लिहिलं नाही. पत्ता एकच असल्याचं दाखवलं, आजींचा फोटो आणि माझ्या कपाटाचा फोटो शेजारी शेजारी लावले, तुटक्या कोपऱ्याभोवती लाल वर्तुळ काढलं. टबचा तो निघालेला तुकडा मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, तो पाठवायची माझी फार इच्छा होती, पण फोटोवर भागवलं. आणि एक मुद्दा सल्ला देणाऱ्यांनी घालायला सांगितला: घरभर नुसता रंग देणं, जुनी लाकडी जमीन घासून पॉलिश करणं, भिंतीचे पोपडे बुजवणं, ही देखभाल आहे. देखभाल मालकाचं कर्तव्यच, तिच्यापायी भाडं वाढत नाही.

त्यानंतर खात्याने मालकाकडे आणखी पुरावे मागितले आणि तिथे चित्र उघडं पडलं. वटलेले चेक निघाले ते शेगडी आणि फ्रिजच्या दुकानाचे, टाइल्सच्या दुकानाचे, एका प्लंबरचे, एका खोलीत घातलेल्या नव्या जमिनीचे. त्यांची बेरीज १३,८००. उरलेल्या बावीस हजारांचा माग त्या एका पानाच्या बिलापलीकडे कुठेच नव्हता.

आदेश २०२३ च्या सुरुवातीला आला. सुधारणेचा खर्च १३,८०० धरला, त्याचा साठावा हिस्सा २३०. म्हणजे २०१८ चं कायदेशीर भाडं १,७४५ डॉलर १२ सेंट, आणि दर महिन्याला आमच्याकडून ३७० जास्त घेतलेले, पुढच्या नूतनीकरणांचे टक्के धरून त्याहून थोडे वरच. आपली चूक जाणूनबुजून नव्हती हे मालकाला दाखवता आलं नाही तर जादा रकमेच्या तिप्पट भरपाई बसते, आणि बऱ्याचशा काळासाठी ती बसवली होती. नवऱ्याने आदेश दोनदा मोठ्याने वाचला. मी सेंट बघितले. बारा तसेच होते.

पण आदेश म्हणजे पैसे हातात असं नसतं. मालकाला ३५ दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो आणि तो केला की जुन्या जादा रकमेची परतफेड तोवर थांबते. त्यांनी तो केला. त्यानंतर त्यांच्या वकिलाचं पत्र आलं: मूळ जादा रक्कम व्याजासकट घ्या, तिप्पट सोडा, आम्ही अर्ज मागे घेतो. घरात यावर जे वाद झाले ते इथे नको. नवऱ्याला तिप्पट हवं होतं, तत्त्वाचा प्रश्न वगैरे. मला १,७४५ हवे होते, आणि कायमचे हवे होते. कारण परत मिळणारे पैसे एकदाच मिळतात, पण भाड्याचा पाया खाली आला की आम्ही इथे राहू तितकी वर्षं प्रत्येक वाढ त्या खालच्या पायावर लागते, आणि आमच्यानंतर येणाऱ्यालाही तोच पाया. वकिलाच्या पत्रात पाया बदलण्याबद्दल शब्द नव्हता ना, हे दोनदा तपासून घेतलं आणि सह्या केल्या. काही रक्कम चेकने आली, उरलेली पुढच्या भाड्यातून वळती झाली. २०२५ च्या ऑक्टोबरपासून आम्ही १,९५८ डॉलर ६४ सेंट भरतो. वाढ दर वेळी बोर्डाच्या टक्क्यांनी झाली, शेवटची ३ टक्क्यांची.

मालकांची बाजू नाहीच असं मी म्हणणार नाही. २०१९ च्या कायद्याने सुधारणेवर अशी मर्यादा घातली की पंधरा वर्षांत मिळून फार तर १५,००० डॉलर भाड्यात धरता येतील, आणि साठाव्याऐवजी एकशे ऐंशीवा हिस्सा. चाळीस वर्षं एकच कुटुंब राहिलेलं घर पंधरा हजारांत राहण्याजोगं होत नाही, जुन्या वायरिंगलाच तेवढे लागतात, हे मला इथल्या एका प्रामाणिक इलेक्ट्रिशियननेही सांगितलं. काही मालक अशी घरं कुलूप लावून ठेवतात. कायदाच रद्द करा म्हणून ते थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. पण त्याच वर्षी राज्याने मर्यादा वाढवली. ऑक्टोबर २०२४ पासून ती ३०,००० आहे, आणि पंचवीस किंवा जास्त वर्षं एकाच भाडेकरूकडे असलेल्या घरांसारख्या ठरावीक घरांना ५०,०००. २०१९ ला ही वाढ तीस वर्षांनी उतरेल असं ठरलं होतं, ते काढून ती पुन्हा कायमची केली. मला मर्यादा वाढवल्याचं वाईट वाटलं नाही, कायमची केल्याचं वाटलं. खर्च वसूल झाल्यावर वाढ उतरायला काय हरकत आहे?

राहत्या घरात सुधारणा करायची तर भाडेकरूची लेखी संमती लागते. मागच्या हिवाळ्यात आमचा फ्रिज गेला तेव्हा ऑफिसकडून नव्या फ्रिजच्या फोटोसोबत संमतीचा फॉर्म आला. नऊशेचा फ्रिज, एकशे ऐंशीवा हिस्सा म्हणजे महिना पाच डॉलर. पाच डॉलर कुणाला जड आहेत? जुन्या नियमाने तर तेच पंधरा झाले असते. पण वाढ आता पुन्हा कायमची, सही केली असती तर फ्रिज भंगारात गेल्यावरही आम्ही त्याचे पैसे भरत राहिलो असतो. चालू फ्रिज देणं हे भाड्यातच येतं, नवाकोरा देणं येत नाही. मी फॉर्म कोरा परत केला आणि चालणारा कुठलाही द्या म्हणून कळवलं. सुपरने दुसऱ्या दिवशी एक वापरलेला आणून लावला. थोडा आवाज करतो, बर्फ मात्र झकास.

आता इमारतीत कुणाचं काही असलं की आमच्या दारावर टकटक होते. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरचे बांगलादेशी गृहस्थ आले. घर अगदी आमच्या डोक्यावर, तसंच, २०२२ च्या ऑक्टोबरात घेतलेलं. त्यांना खात्री होती की त्यांनाही फसवलंय. रेंट हिस्टरी मागवली, ती आल्यावर बायकोला घेऊन खाली आले, सोबत शेवयांची खीर. आम्ही टेबलावर कागद पसरले. आधीचं भाडं १,४०२.५०. त्या वर्षीची ३.२५ टक्के वाढ, ४५.५८. सुधारणा पंधरा हजारांची, नव्या कायद्याने ८३.३३. बेरीज १,५३१ डॉलर ४१ सेंट. त्यांच्या करारावरही तेच. शिवाय नव्या नियमाप्रमाणे कामाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो, मालकाशी संबंध नसलेला परवानाधारक कंत्राटदार, सगळं कागदोपत्री चोख. मी वर जाऊन टबही बघून आले. खरोखरच नवा.

"हिशोब बरोबर आहे," मी सांगितलं.

ते जरा गप्प राहिले, मग हिंदीत म्हणाले, "मतलब कुछ नहीं मिलेगा?"

"नाही मिळणार."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि खिरीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. निदान माझ्या नवऱ्याला तरी त्यांचा हेवा वाटला, कारण त्यांचं भाडं आमच्यापेक्षा कमी आहे.